डार्क अँबियंट / इंडस्ट्रियल : धरायचं कुठून?

रात्रपाळी:
दोन महिने झाले रात्री काम करताना अँबियंट (चाल-ठेक्यापेक्षा वातावरण उभं करणारं संगीत) ऐकतोय, ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम तर जवळजवळ पाठ झालाय. मग त्याचाच 'ऑन लँड' (१९८२) लावला, त्यात बेडूक, किडे, दलदलीत पाय रुतावा तसा आवाज, आणि मी तिथेच अडकलो. आता अजून काळोखात, म्हणजे डार्क अँबियंटमध्ये शिरायचंय पण शोधायला गेलं की शंभर नावं समोर येतात. थ्रॉबिंग ग्रिसल हा इंडस्ट्रियलवाला (यंत्रांसारख्या कर्कश आवाजांचं संगीत) बँड वीस मिनिटांत बंद केला, डोकं भणभणलं. लस्टमॉर्डचा 'हेरेसी' मोबाइलवर लावला तर नुसती घरघर. चाल नाही, ठेका नाही, मग लक्ष ठेवायचं कशावर? माझं काही चुकतंय का?

अनुनाद:
मोबाइलचा स्पीकर, दुसरं काही नाही. 'हेरेसी' (१९९०) चा सगळा जीव खालच्या बेसमध्ये आहे आणि तेवढा खालचा आवाज त्या इवल्याशा स्पीकरमधून निघतच नाही, म्हणजे तुम्ही अर्धाच अल्बम ऐकलात. चांगला हेडफोन घ्या, आवाज मोठा नको. त्यात गुहा आणि जमिनीखालच्या दफनघरांत केलेली रेकॉर्डिंग्ज वापरलीत. तुम्ही विचारलंत ना लक्ष कशावर, तर आवाज संपल्यावर मागे जो घुमत राहतो त्यावर. तो किती वेळ रेंगाळतो, कुठल्या बाजूला विरतो, त्यावरून जागा केवढी मोठी आहे ते कळायला लागतं. मला हे उमगायला बरेच दिवस लागले, पण एकदा कळल्यावर चालीची आठवणही येईना.

टेपवाला:
अनुनादना +१. माझं म्हणणं एवढंच की या संगीतात आवाज कसा काढलाय ते आधी माहीत असलं तर दार पटकन उघडतं. नर्स विथ वूंडचा 'सॉलिलोक्वी फॉर लिलिथ' (१९८८) घे, त्यात वाद्य नाहीच, इफेक्ट पेडल (वाद्याचा आवाज बदलणारी छोटी यंत्रं) एकमेकांना गोल जोडले, आत कुठलाच आवाज सोडला नाही, आणि ती साखळी आपोआप गुणगुणायला लागली. नर्स विथ वूंडमागचा स्टीव्हन स्टेपलटन पेडलजवळ नुसता हात नेई आणि सूर बदले. हे डोक्यात ठेवून ऐक, तो हात दिसतो अक्षरशः.

दुसरा विल्यम बसिन्स्कीचा 'डिसइंटिग्रेशन लूप्स'. १९८० च्या दशकातले जुने लूप (टोकं जोडून गोल फिरवायच्या छोट्या टेप) २००१ मध्ये तो डिजिटल करायला बसला, तर टेप फिरता फिरता तिच्यावरचा चुंबकीय थर झडायला लागला आणि त्याने मशीन बंद न करता रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पहिला भाग तासाभराहून मोठा आहे, तीच छोटीशी धून पुन्हा पुन्हा, आणि दर फेरीला तिच्यातलं थोडं गळून जातं. मधूनच उडी मारून ऐकू नकोस प्लीज, सगळी कमाई वाया जाईल.

काळोखी:
थ्रॉबिंग ग्रिसल इतक्यात सोडू नकोस रे. त्यांच्याच 'ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स' (१९७९) वर ये, त्यात सिंथेसायझरचा ठेका आहे, कुजबुजता आवाज आहे, आणि तरी काहीतरी बिनसलंय असं सारखं वाटत राहतं. इंडस्ट्रियल हे नावच मुळी त्यांच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलवरून आलं. आणि ठेकाच हवा असेल तर आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटनचा 'कोलाप्स' (१९८१), भंगारातलं लोखंड, ड्रिल, पत्रे. डोकं भणभणेल पण अंगात भिनतो.

एक मात्र, द केअरटेकरचा 'एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम' लगेच लावू नकोस. २०१६ ते २०१९ मध्ये सहा भागांत आलेला, साडेसहा तासांचा, स्मृतिभ्रंश होत जाणाऱ्या माणसाचं डोकं आतून ऐकवणारा अल्बम आहे. ज्याच्या घरात कुणाला हा आजार झालाय त्याने तर एकट्याने बसून मुळीच ऐकू नये, मी ऐकला आणि चार दिवस नीट जेवले नाही.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. काल दिवा मालवून हेडफोनवर बसिन्स्की लावला. पहिली दहा मिनिटं वाटलं हे काय, तेच तेच, मग केव्हातरी लक्षात आलं की दोन सुरांच्या मध्ये आता भोकं पडलीत आणि ती कधी पडली ते मला कळलंच नाही. शेवटी शेवटी तर धून नव्हतीच, ती जिथे असायची तिथे नुसता एक धक्का येत होता, आणि तरी माझ्या डोक्यात ती पूर्ण वाजत होती. संपल्यावर हेडफोन काढवेना.

आज 'लिलिथ'. टेपवाला, तो पूर्ण एका बैठकीत ऐकायचा का, की एकेक बाजू?

टेपवाला:
एकेक बाजू. मध्ये थोडा वेळ शांत बस, पंख्याचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येईल.