मॅसी ३५ घ्यायचाय, मागतायत ती किंमत योग्य आहे का हे ठरवायचं कसं?

नवशिका३५:
नमस्कार मंडळी. जुना मॅसी फर्ग्युसन ३५ डिझेल ट्रॅक्टर बघून आलोय, मालक १९५८ चा म्हणतोय, रंग नवाकोरा, मीटरवर ४२०० तास, आणि सेल मारल्या मारल्या चालू झाला. मला हौस पण आहे आणि थोडीफार कामं पण काढायचीत. जाहिरातींत याच मॉडेलचे भाव एकाचे दुसऱ्याच्या तिप्पट दिसतात, मग धरायचा कुठला? मालक म्हणतो अँटिक पीस आहे, भाव वाढतच जाणार.

जुनंलोखंड:
जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याचं स्वप्न, तो सोड. असाच ट्रॅक्टर खरंच कितीला गेला ते शोध, लिलावात किंवा कोणाकडून विचारून. आणि आधी सांग, सिलिंडर तीन की चार? सुरुवातीच्या डिझेल ३५ ला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३सी इंजिन होतं, थंडीत सकाळी ते अक्षरशः रडवतं. १९५९ संपता संपता पर्किन्सचं ३.१५२ आलं, म्हणजे तीन सिलिंडर, १५२ घनइंच. तेच पुढे मॅसी १३५ मॉडेलला पण होतं त्यामुळे पार्टची चिंता नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात पण लोक तीनवाल्याला जास्त मोजतात.

नवशिका३५:
फोटो झूम करून इंजेक्टर मोजले, तीन आहेत. म्हणजे चांगलंच की!

जुनंलोखंड:
अरे मग १९५८ चा कसा? एकतर साल खोटं नाहीतर इंजिन बदललंय. डॅशवरच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर घे आणि सालाशी जुळवून बघ. कामाला बदललेलं इंजिन उलट बरंच पडेल, पण मग "सगळं ओरिजिनल" म्हणून वरचे पैसे द्यायचे नाहीत.

काळाधूर:
तुम्ही गेलात तेव्हा इंजिनला हात लावून बघितला होता का? गरम इंजिन कोणीही चालू करून दाखवतो. परत जा, थंड असताना सेल मारा, दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि ब्रीदरकडे (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) बघा, तिथून धूर फकफक येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, म्हणजे इंजिन काम आलंच. सायलेन्सरमधून येणारा निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. डिपस्टिकचं ऑइल दुधाळ असेल, म्हणजे त्यात पाणी शिरलं असेल, तर मी तरी तिथूनच परत फिरेन. मीटरचं काय मनावर घेता, केबल तुटली की तास थांबतात, दहा वर्षं तुटलेली असली तरी कळणार कोणाला. त्यापेक्षा क्लच-ब्रेकचे पेडल किती घासलेत आणि पीटीओ शाफ्टचे (मागे अवजारं फिरवणारा दांडा) दाते किती झिजलेत ते बघा, तिथे खोटं बोलता येत नाही.

जुनंलोखंड:
+१. आणि नव्या रंगाचे पैसे शून्य. रंगाखाली लिकेज छान लपतं (मी स्वतः फसलोय, महिन्याभरात हाऊसिंगच्या जोडातून तेल गळायला लागलं).

मागचंचाक:
मागची अवजारं उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट राहिली. नांगर लावून उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या, तेवढ्यात नांगर जमिनीला टेकला असेल तर लिफ्टचं काम निघालंय. मागचे टायर आतल्या बाजूने पण बघा, भेगा तिकडे असतात, आणि रिम गंजलेत का ते पण, कारण टायरमध्ये वजनासाठी मिठाचं पाणी भरलेलं असलं तर व्हॉल्व्हपासून रिम खाल्ला जातो. मागची जोडी बदलायची म्हटली की सगळा सौदाच फिरतो. माझा हिशोब सोपा आहे, चालू कंडिशनचा जितक्याला जातो त्यातून हा सगळा खर्च वजा करायचा आणि वर थोडं न दिसणाऱ्या दुखण्यांसाठी पण कापायचं. अँटिक वगैरे नंतर. हे मॉडेल खंडीभर निघालंय, दुर्मिळ नाही.

नवशिका३५:
आत्ताच मालकाला फोन केला, म्हटलं रविवारी सकाळी येतो, मी येईपर्यंत चालू करू नका. तर म्हणतो बॅटरी उतरलीय, आधी ढकलून चालू करून ठेवावा लागेल 😐