‘निप्पॉन’ शिक्क्याच्या कुतानी मांजरीबद्दल

कुतानी म्हणजे जपानी चिनी मातीचं रंगीत काम. अशा मांजरीच्या मूर्तीच्या तळाला रोमन लिपीत ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) आहे म्हणजे ती शंभर वर्षांची, असं लगेच धरू नका. हा शिक्का साधारण १८९१ ते १९२१ मध्ये जपानहून अमेरिकेला झालेल्या निर्यातीचा, पण नकली शिक्केही भरपूर मिळतात. माझ्या मते शिक्क्याआधी कान, शेपटीचं टोक आणि पंजे बघावेत. दुरुस्ती बहुतेक तिथेच असते. अंधारात अतिनील टॉर्च मारली की नंतर लावलेला रंग किंवा गोंद बहुधा वेगळा चमकतो.

कुतानीचे रंग आणि सोनं झिलईच्या (काचेसारख्या चकचकीत थराच्या) वर चढवून कमी तापमानाला पुन्हा भाजलेले असतात, म्हणून घासल्यावर सोनं आधी जातं. मऊ ब्रशनेच धूळ काढा. पाण्यात तर कधीच बुडवू नका: भट्टीत हवा जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून पाणी पोकळ पोटात शिरतं आणि तिथेच साचतं.