पहाटे ध्यानाला बसलं की डुलकी लागते, क्रम बदलू का?

मंडळी, मदत हवी आहे.

घरातले उठायच्या आधी तासभर मोकळा मिळतो, त्यात ध्यान आणि आसनं दोन्ही करते. तोंड धुतलं की आधी ध्यान, मग आसनं, शेवटी शवासन. ध्यान आधी, कारण नंतर आवाज सुरू होतात. सगळे सांगतात, पहाटे मन शांत असतं. माझं इतकं शांत होतं की हनुवटी छातीला टेकते! झोप पुरेशी होते, त्यामुळे 'लवकर झोपा' हा सल्ला कृपया नको.

ध्यान नंतर ठेवलं तर फरक पडेल का? भिंतीला टेकून किंवा खुर्चीत बसलेलं चालतं का? आणखी एक, पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून बसून पुढे वाकायचं आसन) संध्याकाळी हात पावलांना सहज पोचतात, पहाटे मात्र नडग्यांवरच अडतात. असं का?

प्रतिसाद १
क्रम उलटा करा. पतंजलींच्या आठ अंगांतही आसन, प्राणायाम आधी आणि ध्यान सातवं. उठल्यावरची सुस्ती पुरती उतरायला अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात सूर्यनमस्कार घाला, मग अनुलोम-विलोम, मग ध्यान. कपालभातीने तरतरी येते खरी, पण रक्तदाब जास्त असेल किंवा गरोदर असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद २
क्रमाबद्दल सहमत, सूर्यनमस्कारांबद्दल अर्धवट. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच. अशा वेळी पुढे वाकलं की कंबरेवर ताण जास्त येतो. म्हणून उठल्यावर लगेच जोर लावून वाकू नका. सूर्यनमस्कारात वाकायचं येतंच, तिथे गुडघे खुशाल दुमडा. सुरुवातीला मार्जारासन, ताडासन बरं. पश्चिमोत्तानासन संध्याकाळीच करा, फक्त जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.

बैठकीचं म्हणाल तर भिंत नको, टेकलं की डोळा लागलाच. खुर्ची चालेल, पण पाठ तिच्या पाठीला न लावता, तळवे जमिनीवर. खाली बसणार असाल तर बुडाखाली घोंगडीची जाड घडी घ्या, गुडघे कंबरेच्या खाली आले पाहिजेत. माझ्या मते निम्मी डुलकी पोक काढून बसल्यानेच येते. डोळे मिटायलाच हवेत असंही नाही, अर्धे उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर सोडा. तरीही पेंग आली तर उठून सावकाश चालत ध्यान करा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. घडीचं कधी सुचलंच नव्हतं. मग शवासन कुठे बसवू? ध्यानाआधी आडवी झाले तर परत तेच!

प्रतिसाद १
आसनं संपल्यावर दोन-तीन मिनिटं, बस. तेवढ्यातही पेंग येत असेल तर आडवं न होता शवासनाऐवजी सरळ वज्रासनात बसून श्वास शांत होऊ द्या. गुडघे दुखत असतील तर वज्रासन सोडा, खुर्ची आहेच.