सप्टेंबरचा वाचनफलक : यादी शुक्रवारपर्यंत हवी

प्रेषक : ताई, सचिव (मूळ मानवत)

मंडळी, गावाकडच्या वाचनालयाच्या सप्टेंबरच्या फलकासाठी आपल्या परदेशातल्या मंडळानं पुस्तकं सुचवायची आहेत, त्याबद्दल ग्रंथपाल सरांचा निरोप आलाय. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळं गाव वाचनालयासमोर जमतं. त्याआधी फलक लागला पाहिजे. पाच पुस्तकं, प्रत्येकाखाली दोन ओळी. गावच्या बातम्या सर स्वतः लिहिणार आहेत. अडचण जुनीच. आपण सुचवलेल्या पुस्तकाची एकच प्रत असते, पहिल्याच दिवशी कुणीतरी नेतं आणि बाकीचे महिनाभर नुसता फलक वाचून परत जातात. दोन प्रती असतील तेच पुस्तक लावू, असं सर म्हणायलेत. मला पटतंय. हरकत असेल तर आजच कळवा.

प्रेषक : आप्पा (मूळ जिंतूर)

माझी हरकत आहे. दोन-दोन प्रती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्याच आहेत, मग फलकावर दुसरं काय येणार? रा. रं. बोराडे सरांचा ‘पाचोळा’ एकच आहे, तोही बाइंडिंग करून टिकवलेला. १९७१ची कादंबरी, शिंप्याच्या घराची गोष्ट, आणि ती सांगते त्या घरातली बाई, आपल्याच बोलीत. बोराडे सर २०२५च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हाही ती फलकावर लागली नाही. फलकावरचं पुस्तक त्या महिन्यात घरी द्यायचंच नाही, कक्षात बसून वाचायचं. पूर्वी मासिकांना हाच नियम होता.

प्रेषक : काकू (मूळ सेलू)

आप्पा, घरी द्यायचं नाही म्हणजे बायकांना द्यायचं नाही. कक्षात दिवसभर परीक्षेची पोरं बसलेली असतात, तिथं कोणती सून जाऊन बसणार आहे? आमची आई कधी वाचनालयाची पायरी चढली नाही. पिशवी देऊन मला पाठवायची. ग्रंथपाल तिच्या आवडीचं पुस्तक बाजूला काढून ठेवायचे. तिचं सगळं वाचन असंच झालं. बाईनं सांगितलेली गोष्ट बायकांच्याच हाती पडणार नसेल तर ती फलकावर लावून काय करायचं?

प्रेषक : भाऊ (मूळ उदगीर)

काकूंचं बरोबर आहे, पण परीक्षेच्या पोरांना नावं ठेवू नका. घरी दोन खोल्या, त्यात आठ माणसं. त्यांनी अभ्यासाला जायचं कुठं? मीही तसाच शिकलो. त्याच्याही आधी, निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, तेव्हा वाचनालयात चार माणसं एकत्र बसू शकायची. बसायला जागा देणं हेही वाचनालयाचंच काम आहे.

दुसऱ्या प्रती विकत घेऊ. मंडळानं पैसे पाठवावेत.

प्रेषक : खजिनदार

मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही जाणार नाही, हे मी आधीही लिहिलंय. आपलं मंडळ परदेशी संस्था आहे. वाचनालयाकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नाही, त्यामुळे आपला पैसा त्यांना घेता येत नाही. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांनाही हेच लागू, मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं चालतं. पुस्तकं आली की दाखल नोंदवहीत चढवून, शिक्का मारून मगच वाटावीत. अनुदानाच्या तपासणीला नोंदवही बघतात.

प्रेषक : आप्पा

माझा पासपोर्ट भारतीयच आहे. ‘पाचोळा’च्या दोन प्रती माझ्याकडून.

आणि ७ सप्टेंबरला परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांचा स्मृतिदिन असतो. परभणी जिल्ह्यातला फलक, सप्टेंबर महिना आणि त्यांचं नाव नाही, असं होऊ देऊ नका.

प्रेषक : काकू

आप्पा, प्रती दिल्यात ते चांगलंच झालं, पण त्या घरी जाणार की नाही ते लिहा.

प्रेषक : ताई, सचिव

सरांशी फोनवर बोलले. फलकावरचं पुस्तक घरी मिळेल, फक्त सात दिवसांसाठी. पुढच्या वाचकाचं नाव आतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवतील. घरातल्या कुणालाही पाठवलं तरी चालेल.

यादीत आतापर्यंत ‘पाचोळा’, बी. रघुनाथांच्या कविता आणि आसाराम लोमटे यांचा कथासंग्रह ‘आलोक’ (२०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार). दोन जागा मोकळ्या आहेत. त्यातली एक लहान मुलांसाठीच ठेवणार आहे, तिथं मोठ्यांची नावं सुचवू नका.

प्रेषक : भाऊ

विचारवंत नरहर कुरुंदकर राहिले की! निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या लढ्यावर त्यांनी लिहिलंय आणि १७ तारखेचा फलक आहे. चौथी जागा त्यांना द्या. दोन ओळी मी आज रात्री पाठवतो.