अलास्कात ट्रेलजवळ अस्वलासाठी आमिष, पाव मैल पुरतो का?

डोंगरवाट:
इथे शिकारी लोक अस्वलाला आमिष ठेवतात, ड्रममध्ये पॉपकॉर्न, डोनट, कुत्र्याचं खाणं आणि वरून तळणाचं तेल, साधारण 15 एप्रिल ते 30 जून, सगळं कायदेशीर. नियम असा की घर, शाळा, कॅम्पग्राउंडपासून एक मैल लांब, पण ट्रेलपासून फक्त पाव मैल म्हणजे 400 मीटर. का? ट्रेलवर पण माणसंच चालतात ना, मी दर वीकेंडला पोरांना घेऊन जाते, आणि अस्वलसुद्धा झाडीत घुसण्यापेक्षा मळलेली वाटच धरतं. वास काय पाव मैलावर थांबतो का?

जुना शिकारी:
ताई, भीती समजू शकतो पण आम्ही कुठेही डबा ठेवून मोकळे होत नाही. परमिट लागतं, बऱ्याच ठिकाणी आधी क्लिनिक, म्हणजे आमिष ठेवण्याचा प्रशिक्षण वर्ग, करावा लागतो, जागेवर नंबरासकट पाटी लावायची आणि सीझन संपला की सगळं उचलून न्यायचं, तेल सांडलेली माती सुद्धा. आणि ह्या दाट झाडीत आमिषाशिवाय अस्वल दिसतं ते क्षणभर. आमिषावर ते निवांत थांबतं, मादी आहे का, मागे पिल्लं आहेत का हे नीट बघून मग गोळी झाडता येते. 2004 मध्ये बंदीवर मतदान झालं, लोकांनी नाकारली.

सह्याद्रीकर:
मतदानाचंच म्हणाल तर कोलोरॅडोत 1992 मध्ये लोकांनी आमिष बंद केलं, तिथे शिकार अजून चालूच आहे. आणि मी अंगणात कचरा उघडा ठेवला तर अस्वलाला खायला घातलं म्हणून मलाच दंड होऊ शकतो, मग जंगलात डोनट का चालतात?

डोंगरवाट:
दादा, तुमची पाटी 400 मीटर आत, मला वाटेवरून दिसणार कशी? शिवाय नियमात सरकारी देखभालीतलेच ट्रेल धरलेत, लोकांच्या पायांनी पडलेल्या वाटा त्यात येतच नाहीत आणि आम्ही निम्म्या वेळा त्याच वाटांनी जातो. ट्रेलच्या सुरुवातीला एक बोर्ड लावा, एवढंच मागतेय.

जुना शिकारी:
जागा जाहीर झाली की लोक येऊन मोडतोड करतात हो, माझा झाडावरचा मचाण कापलाय कुणीतरी, चढलो असतो तर पडलो असतो. नकाशा नको. अर्धा मैल अंतर केलं तर मात्र माझी हरकत नाही, मी स्वतः त्याहून लांबच ठेवतो.

डोंगरवाट:
मचाण कापणं चुकीचंच, जीव गेला असता. मग जागा नका सांगू, "ह्या परिसरात 30 जूनपर्यंत आमिष आहे" एवढंच लिहा, मी पोरांना दुसरीकडे नेईन. शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, बोर्ड ऑफ गेमकडे, प्रस्ताव कुणीही देऊ शकतं. मी ट्रेलवरच्या पाटीचा मुद्दा लिहायला घेते, अर्ध्या मैलाचा तुम्ही लिहाल का? शिकाऱ्याच्या तोंडून आलं तर ऐकतील.