मदत हवी आहे: १४ वर्षांच्या लेकीचा विश्वास कसा मिळवावा?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. 'कारा'ची (दत्तक व्यवहार पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) प्रक्रिया पूर्ण करून थायलंडची १४ वर्षांची मुलगी दत्तक घेतलीय. लहानपणापासून संस्थेत वाढलेली. वागायला अगदी गुणी, आणि मला तेच खटकतं. हट्ट नाही, रुसवा नाही. पोदेराचे (पाववाल्याचे) पाव मात्र कपाटात लपवते. संस्थेतून आलेली मुलं असं करतात हे ठाऊक आहे, म्हणून ओरडत नाही. तिच्या खोलीत खाऊचा डबाच ठेवलाय.

सासूबाईंना तिने मला 'आई' म्हणावं याची भारी घाई! मला नाही. पण तिच्या जुन्या मैत्रिणींशी रोज व्हिडिओ कॉल होऊ द्यावेत का? घरात यावरून दोन तट पडलेत. मोठं मूल दत्तक घेतलेल्यांनी कृपया सांगा. पणजी-मडगावकडे किशोरवयीन मुलांचे चांगले समुपदेशक कुणाला माहीत आहेत का?