विमानातून उडी मारल्याने उंचीची भीती जात नाही

दरीकाठ : काल आकाशवेडा यांनी लिहिलं, "उंचीची भीती म्हणजे मनाचे खेळ. दुबईत एकदा टँडम उडी मारा, कायमची जाते. स्कायडायव्हर शीतल महाजनांनी पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, आणि तुम्हाला गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही?" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

टँडममध्ये तुम्ही करता काय? प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी आवळलेले असता. दारातून तोच नेतो, पॅराशूट तोच उघडतो. शिवाय १३,००० फुटांवर जवळ भिंत नाही, कठडा नाही, म्हणजे उंची जोखायला डोळ्यांना काही सापडतच नाही. भीती कड्यावर लागते. उभं राहताना शरीर जवळच्या स्थिर वस्तू बघून तोल सावरतं. समोर नुसती दरी आली की तो आधार जातो आणि अंग डुलायला लागतं. गिब्सन आणि वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६०मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आठवा. जाड काच, तिच्याखाली खोल भाग, पलीकडून आई हाका मारतेय, तरी बहुतेक रांगती बाळं काचेवर गेली नाहीत. तीही भित्री का?

माझ्या भावाने दुबईत उडी मारलीय, व्हिडिओ आहे. अजूनही आमच्या नवव्या मजल्याच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला तो जात नाही.

आकाशवेडा : ताई, पुस्तकी बोलताय. मी एकट्याने उड्या मारतो. दार उघडलं की वारा गालफडं ओढतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. पण ताशी २०० किलोमीटरने खाली येताना एक हात जरा आत घेतला की अख्खं अंग वळतं. हवेवर आपला ताबा आहे हे तिथे कळतं, त्यासाठी लोक पुन्हापुन्हा जातात. मरायची हौस म्हणून कोणी जात नाही. पाठीवर राखीव पॅराशूट असतं, शुद्ध हरपली तर ते आपोआप उघडणारं यंत्र असतं. भावाला पुन्हा पाठवा.

दरीकाठ : पोटात गोळा येतो ना? मग "कायमची जाते" कुठे गेलं?

जुना_भटक्या : ह्या "भीती मोडा" प्रकारामुळेच नाशिकजवळच्या हरिहर गडाची वाट लागलीय! रविवारी पायथ्याच्या निरगुडपाड्याकडून बसच्या बस भरून येतात. त्या उभ्या पायऱ्यांवर बोटं अडकवायला खोबण्या आहेत, त्या धरून कातळाकडे तोंड करून उतरायचं असतं. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी मधेच गोठली. खोबणीतून बोटं सुटेनात. वरून लोक उतरतायत, खालून चढतायत, आणि लीडर ओरडतोय, "काही होत नाही, चल!" काही होत नाही म्हणे!

नाशिककर_ताई : दादा, सगळ्या ग्रुपना एका मापाने मोजू नका. मी स्वतः मुली नेते. घाबरलेलीच्या खाली एक जण उभी राहते, पाय कुठे ठेवायचा ते सांगते. अशाने कितीतरी जणी चढल्यात.

जुना_भटक्या : तुम्ही करत असाल. पन्नास जणांमागे दोन लीडर असलेले ग्रुप मी बघतो. पायऱ्यांशी वनखात्याचा माणूस हवा, वर-खाली आळीपाळीनेच सोडायला हवं.

आकाशवेडा : बरं, "कायमची" हा शब्द काढतो. समाधान? पण भीती असूनही उडी मारता येते, हे खोडून दाखवा.

दरीकाठ : ते मी नाकारलंच कुठे? ज्याला मारायची त्याने खुशाल मारावी. ज्याला नाही मारायची त्याला शीतलताईंचं नाव घेऊन हिणवू नका, एवढंच म्हणतेय.

नाशिककर_ताई : भटक्यादादा, आळीपाळीचं पटलं. पण पावसात वर अडकलेल्यांनी थांबायचं कुठे? दरवाजापाशी जागाच किती आहे!

जुना_भटक्या : म्हणूनच मोजून सोडा म्हणतोय. आधीचे उतरल्याशिवाय पुढचे वर नाहीत.